मांजराला नाव कळते तेव्हा

घरात नवीन मांजर आले की पहिल्याच दिवशी त्याचे बारसे होते. मुलांची वादावादी होऊन एकदाचे मनी, चिंगी किंवा सिंबा असे काहीतरी ठरते आणि दिवसभर त्या नावाच्या हाका सुरू होतात. मांजर मात्र कपाटाखाली जाऊन बसलेले असते. कितीही हाका मारल्या तरी ते मान वळवत नाही. दोन-चार दिवसांनी घरातले कोणीतरी निकाल देते, की मांजर ते मांजरच, कुत्र्यासारखी अक्कल त्याला कुठली! तेवढ्यात स्वयंपाकघरात त्याच्या खाण्याचा डबा वाजतो आणि तेच मांजर शेपटी उभारून धावत येते.

डब्याचा आवाज चार दिवसांत कळतो, मग नाव का कळत नाही? या प्रश्नाचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमधल्या एका विद्यार्थ्याने शोधले होते. त्यांचे नाव एडवर्ड ली थॉर्नडाइक. आपल्याकडे डी.एड., बी.एड. केलेल्या प्रत्येकाने हे नाव परीक्षेसाठी पाठ केलेले असते. प्रयत्न-प्रमाद पद्धती, सज्जतेचा नियम, सरावाचा नियम आणि परिणामाचा नियम हे सारे त्यांचेच. मात्र हे नियम शाळेतल्या मुलांकडे पाहून सुचलेले नव्हते. त्यांची सुरुवात झाली ती भुकेल्या मांजरांपासून.

थॉर्नडाइक यांचा जन्म 31 ऑगस्ट 1874 रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, विल्यम्सबर्ग या लहान गावी झाला. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. दर काही वर्षांनी त्यांची बदली होई आणि सगळा संसार नव्या गावी हलवावा लागे. घरातले वातावरण कडक शिस्तीचे होते आणि अभ्यासाला मोठा मान होता. तिघे भाऊ पुढे प्राध्यापक झाले. अ‍ॅशली साहित्याचे, लिन इतिहासाचे आणि एडवर्ड मानसशास्त्राचे. तिघांनीही कोलंबिया विद्यापीठात शिकवले.

वेस्लियन विद्यापीठात शिकत असताना एका स्पर्धेच्या तयारीसाठी एडवर्ड यांनी विल्यम जेम्स यांच्या मानसशास्त्रावरील ग्रंथाची काही प्रकरणे वाचली आणि ते या विषयाकडे ओढले गेले. 1895 मध्ये पदवी मिळाल्यावर ते हार्वर्डला, थेट जेम्स यांच्याकडेच पोहोचले. तिथे त्यांनी कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग करायचे ठरवले. पुस्तके उभी करून त्यांच्या भिंती रचायच्या, मधल्या वाटांमध्ये पिल्लू सोडायचे आणि ते बाहेर कसे पडते ते पाहायचे, असा हा घरगुती चक्रव्यूह होता. पण भाड्याच्या खोलीत पिल्ले पाळणे घरमालकिणीला मुळीच रुचले नाही. विद्यापीठातही जागा मिळेना. अखेर जेम्स यांनी आपल्या घराचे तळघर उघडून दिले. घरात पिल्ले आल्याने जेम्स यांची मुले खूष झाली.

1897 मध्ये कोलंबिया विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा थॉर्नडाइक न्यूयॉर्कला निघाले. सोबत एका टोपलीत चांगल्या शिकलेल्या दोन कोंबड्याही होत्या. तिथे प्राध्यापक जेम्स कॅटेल यांनी त्यांना विद्यापीठाच्या इमारतीतला माळा वापरायला दिला. या माळ्यावर त्यांनी मांजरांना आणले.

त्या काळात प्राण्यांच्या बुद्धीविषयीची पुस्तके किश्श्यांनी भरलेली असत. जॉर्ज रोमेन्स या ब्रिटिश अभ्यासकाच्या 1882 मधील ग्रंथात एका मांजराचा किस्सा आहे. ते उडी मारून दाराची कडी उघडत असे. माणसे कडी कशी उघडतात ते पाहून त्याने विचाराने ही युक्ती शोधली असावी, असा निष्कर्ष रोमेन्स यांनी काढला होता. थॉर्नडाइक यांना हा सारा प्रकारच चुकीचा वाटत होता. त्यांचा आक्षेप साधा होता. एखादे हरवलेले कुत्रे मैलोन्‌मैल चालत घरी परतले, की त्याची बातमी होते. वाट चुकलेल्या शेकडो कुत्र्यांविषयी कोणी एक ओळ लिहीत नाही. दाराशी बसून नुसती म्यांव म्यांव करणारी हजार मांजरे कोणाच्या लक्षात राहत नाहीत आणि कडी उघडणारे एक मांजर पुस्तकात जाऊन बसते. अशा निवडक गोष्टींवरून साऱ्या मांजरांची बुद्धी कशी मोजायची? त्याऐवजी अनेक मांजरांना एकाच अडचणीत टाकावे, पुन्हा पुन्हा टाकावे आणि घड्याळ लावून पाहावे, असे त्यांनी ठरवले.

त्यासाठी त्यांनी लाकडी खोक्यांपासून पंधरा पेट्या तयार केल्या. सुतारकामात त्यांचा हात बसलेला नव्हता, त्यामुळे त्या ओबडधोबडच होत्या. साधारण दीड फूट लांबीची, फळ्यांमधून बाहेरचे दिसेल अशी पेटी. एखादीत दोरीचा फास ओढला की दार उघडे, एखादीत पट्टी दाबली की उघडे, तर एका पेटीत तीन वेगवेगळ्या गोष्टी कराव्या लागत. भुकेल्या मांजराला आत ठेवायचे आणि बाहेर त्याला दिसेल असा माशाचा तुकडा ठेवायचा. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत हीच कोडे-पेटी म्हणून ओळखली जाते.

आत ठेवलेले मांजर विचार करत बसत नसे. ते फळ्या ओरबाडी, फटीतून पंजा बाहेर काढी, जे मिळेल त्याला चावा घेई. या धडपडीत केव्हातरी पंजा दोरीला अडके आणि दार उघडे. बाहेर येऊन मासा खाल्ला की त्याला पुन्हा आत ठेवले जाई. एका मांजराला सोप्या पेटीतून पहिल्यांदा बाहेर पडायला 160 सेकंद लागले होते. सुमारे दोन डझन फेऱ्यांनंतर तेच मांजर सहा-सात सेकंदांत बाहेर येऊ लागले.

थॉर्नडाइक यांनी प्रत्येक मांजराच्या वेळेचा आलेख काढला. मांजराला कधीतरी युक्ती उमगली असती, तर आलेख एका ठिकाणी एकदम खाली आला असता आणि मग तिथेच राहिला असता. तसे झाले नाही. वेळ कधी कमी होई, पुन्हा थोडा वाढे, पुन्हा उतरे. निरुपयोगी हालचाली हळूहळू गळून पडत होत्या आणि जिच्यानंतर मासा मिळाला ती हालचाल पक्की होत होती. यातूनच पुढे परिणामाचा नियम आला. ज्या कृतीनंतर समाधान मिळते, ती तशाच परिस्थितीत पुन्हा घडण्याची शक्यता वाढते, असे हा नियम सांगतो.

पेट्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला, पण नवीन मांजर आणणाऱ्यांना अधिक उपयोगी पडेल असा दुसरा प्रयोग फारसा सांगितला जात नाही. त्यात थॉर्नडाइक पिंजऱ्याजवळ बसत आणि मांजरांना आता खायला द्यायला हवे, अशा अर्थाचे एक वाक्य ठरावीक पद्धतीने मोठ्याने म्हणत. मग दहा सेकंदांनी उठून पिंजऱ्याच्या जाळीवर उंच जागी माशाचा तुकडा धरत. मांजर जाळीवर चढून तो घेई. काही डझन वेळा असे झाल्यावर वाक्य ऐकताच, मासा दिसण्याच्या आधीच, मांजर जाळीवर चढू लागले.

मांजराला वाक्य कळले, असे कोणीही म्हटले असते. थॉर्नडाइक यांनी मग त्याच सुरात भलतीच वाक्ये म्हणून पाहिली, ज्यांचा खाण्याशी काही संबंध नव्हता. मांजर तरीही चढले. म्हणजे त्याने अर्थ ओळखला नव्हता, माणूस बोलू लागला की मासा येतो एवढेच ओळखले होते. पुढची पायरी महत्त्वाची होती. आता खायला देणार नाही, अशा अर्थाचे दुसरे वाक्य त्यांनी मध्ये मध्ये म्हणायला सुरुवात केली आणि त्यानंतर मासा दिला नाही. कधी हे वाक्य, कधी ते, असा क्रम बदलता ठेवला. पुष्कळ फेऱ्या लागल्या, पण हळूहळू मांजर पहिल्या वाक्याला चढू लागले आणि दुसऱ्याला जागीच बसून राहू लागले. दोन आवाजांतला फरक त्याने ओळखला होता, कारण एकानंतर काहीतरी घडत होते आणि दुसऱ्यानंतर नाही.

आपले नाव ओळखणे म्हणजे मांजराच्या दृष्टीने हेच आहे. घरात दिवसभर बोलणे चालू असते. त्या गोंगाटातून एक आवाज वेगळा काढायचा, तर त्याच्यामागून काहीतरी चांगले यायला हवे. डब्याच्या आवाजामागून ते दर वेळी येते. नावामागून येतेच असे नाही.

या प्रयोगांवरचा प्रबंध 1898 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा थॉर्नडाइक अवघे 23 वर्षांचे होते. त्यावर टीकाही झाली. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे वेस्ली मिल्स यांचे म्हणणे होते की, अरुंद पेटीत कोंडलेल्या, उपाशी आणि घाबरलेल्या मांजराची खरी बुद्धी कशी दिसणार? माणसाला असे कोंडले तर तोही शहाण्यासारखा वागणार नाही. या टीकेत तथ्य होते. एक मांजर दार उघडताना दुसऱ्याला दाखवले, तरी पाहणारे मांजर काही शिकत नाही, असा थॉर्नडाइक यांचा निष्कर्ष होता. पुढच्या काळातील प्रयोगांनी तो बराच बदलला. आईला खटका दाबून खाणे मिळवताना पाहिलेली पिल्ले ती युक्ती लवकर शिकतात, असे 1960 च्या दशकात आढळले. भेदरलेले मांजर नीट शिकत नाही, हा मिल्स यांच्या आक्षेपातला भागही आज कोणी नाकारत नाही. नव्या घरात कपाटाखाली बसलेल्या मांजराला आधी सुरक्षित वाटावे लागते, नावाचे पुढे पाहता येते.

मांजरांबरोबरचे थॉर्नडाइक यांचे दिवस मात्र लवकरच संपले. 1899 मध्ये ते कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजमध्ये शिकवू लागले आणि 1940 मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. आता त्यांच्यासमोर शाळेतली मुले होती. गणित कसे शिकवावे, वाचन कसे मोजावे, परीक्षा कशी घ्यावी, अशा विषयांवर त्यांनी शेकडो लेख आणि पुस्तके लिहिली. छापील मजकुरात कोणते शब्द किती वेळा येतात ते मोजून 1921 मध्ये त्यांनी शिक्षकांसाठी 10,000 इंग्रजी शब्दांची यादी तयार केली. 1912 मध्ये ते अमेरिकी मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले. त्यांचे नियम पाठ्यपुस्तकांत गेले आणि तिथून जगभरच्या अध्यापक विद्यालयांत पोहोचले.

इतका मान मिळाल्यावर बहुतेक माणसे आपले जुने निष्कर्ष पुन्हा तपासत नाहीत. थॉर्नडाइक यांनी ते तपासले. परिणामाच्या नियमाचे मूळ दोन भाग होते. बक्षिसाने सवय पक्की होते हा एक, आणि त्रास झाला की सवय तितकीच दुबळी होते हा दुसरा. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी माणसांवर नव्याने प्रयोग केले. एक परका शब्द दाखवून पाच अर्थांपैकी एक निवडायला सांगायचे आणि उत्तर बरोबर की चूक ते लगेच सांगायचे. बरोबर म्हटलेले उत्तर पुढच्या फेरीत पुन्हा येण्याची शक्यता स्पष्टपणे वाढली. चूक म्हटलेले उत्तर मात्र जवळपास पूर्वीइतकेच परत येत राहिले. शिक्षेने चुकीची सवय पुसली जात नव्हती.

सरावाच्या नियमाचेही तसेच झाले. त्यांनी लोकांना डोळे बंद करून चार इंच लांबीची रेघ काढायला सांगितली, आणि तीही शेकडो वेळा. रेघ बरोबर आली की नाही हे सांगितले नाही. इतका सराव होऊनही शेवटच्या रेघा पहिल्या रेघांपेक्षा अचूक आल्या नाहीत. नुसते घोकून काही होत नाही, त्यानंतर काय घडते ते महत्त्वाचे, असा याचा अर्थ होता. 1929 मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी आपण चुकलो होतो, अशी उघड कबुली दिली. शिक्षेचा काहीच परिणाम होत नाही, हे त्यांचे नवे म्हणणे पुढच्या संशोधकांनी थोडे सौम्य केले, कारण शिक्षेने वागणे काही काळ दबू शकते. पण काय करायचे ते शिक्षेतून कळत नाही, हा मुद्दा टिकून राहिला.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र त्यांनी असा तपास केला नाही. बुद्धी मुख्यतः आनुवंशिक असते, वंशावंशांत जन्मजात फरक असतात आणि समाजाने कोणाची संतती वाढावी हे ठरवावे, या सुप्रजननवादी मतांचे ते अखेरपर्यंत समर्थक होते. किश्श्यांवरून मांजराची बुद्धी ठरवू नका म्हणणाऱ्या या शास्त्रज्ञाने, माणसांच्या परिस्थितीतला फरक बाजूला ठेवून त्यांच्या बुद्धीविषयी ठाम मते मांडली. त्यातून अनेकांचे नुकसान करणाऱ्या विचाराला बळ मिळाले. याच कारणासाठी 2020 मध्ये टीचर्स कॉलेजने आपल्या इमारतीला दिलेले त्यांचे नाव काढून टाकले. 9 ऑगस्ट 1949 रोजी न्यूयॉर्क राज्यातील माँट्रोझ येथे त्यांचे निधन झाले, त्याला तोपर्यंत सत्तर वर्षे उलटली होती.

मांजरांविषयीचा त्यांचा प्रश्न त्यांच्यानंतरही जिवंत राहिला. टोकियोच्या सोफिया विद्यापीठातील अत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये घरातल्या आणि मांजर कॅफेतल्या मांजरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मांजराला त्याच्या नावाइतक्याच लांबीचे, तशाच उच्चाराचे चार शब्द ओळीने ऐकवले गेले. मांजर त्यांना कंटाळले की पाचवा शब्द म्हणून त्याचे नाव ऐकवले जाई. अनेक मांजरांनी नाव येताच कान हलवले किंवा मान वळवली, परक्या माणसाने उच्चारले तरीही. उठून जवळ आलेली फारच थोडी होती. कॅफेतल्या मांजरांना मात्र आपले नाव आणि सोबतच्या मांजरांची नावे यांत फरक करता आला नाही. तिथे सगळीच नावे सगळ्यांच्या कानावर पडतात आणि कोणत्याही नावानंतर कोणालाही खाऊ मिळू शकतो, हे त्याचे एक संभाव्य कारण आहे. थॉर्नडाइक यांच्या दुसऱ्या प्रयोगाशी ते जुळते.

नव्या मांजराला नाव शिकवायचे, तर या साऱ्यातून काही साध्या गोष्टी हाती लागतात. नाव लहान, एक-दोन अक्षरी असावे आणि घरातल्या सगळ्यांनी तेच वापरावे. एकाने मनी, दुसऱ्याने मनुडी आणि तिसऱ्याने पिल्लू म्हटले, तर आवाज वेगळा काढणे कठीण होते. जेवणाच्या थोडे आधी, मांजर शांत असताना, हातभर अंतरावरून एकदाच नाव घ्यावे आणि लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा मासळीचा नखाएवढा तुकडा द्यावा. चिकन-मासळीत मीठमसाला, कांदा, लसूण नको आणि हा खाऊ दिवसाच्या खाण्यातून वजा करावा. दिवसातून दोन-तीन वेळा, दर वेळी पाच-सहा हाका पुरेत. मांजर नाव ऐकून वळू लागले की अंतर वाढवावे. एरवी उगाच हाका मारणे टाळावे, कारण ज्या आवाजानंतर काहीच घडत नाही, त्याकडे दुर्लक्ष करायलाही मांजर तितकेच चांगले शिकते.

रागावताना नाव घेऊ नये. औषध पाजायचे असेल, नखे कापायची असतील किंवा डॉक्टरांकडे न्यायचे असेल, तर हाक न मारता आपण उठून मांजराजवळ जावे. दोनदा नावामागून गोळी आली, की तिसऱ्या हाकेला मांजर पलंगाखाली दिसेल. आधीच्या घरी त्याला दुसरे नाव असले तरी अडचण नाही, नवे नाव याच मार्गाने रुजते. आठवडे उलटूनही नावाला, टाळीला आणि डब्याच्या आवाजालाही कान हलत नसतील, तर पशुवैद्याला दाखवावे. पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांमध्ये जन्मजात बहिरेपणा बऱ्याचदा आढळतो. अशा मांजराला हाताच्या खुणेने किंवा दिव्याच्या उघडझापेने बोलावता येते. तिथेही खुणेमागून खाऊ आला, की ती खूण म्हणजेच त्याचे नाव होते.